क्वालालंपूरला मुलांना घेऊन येताय? शाळांचं हे आधी समजून घ्या

ताई, तुम्ही विचारलंत की मिस्टरांची बदली क्वालालंपूरला होतेय, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, आणि मलेशियात इंडियन मुलांना शिक्षणात डावलतात असं ऐकलं ते खरंय का. आम्ही 11 वर्षं इथे आहोत, सविस्तरच सांगते.

तुमच्या मुलांना लगेच काही जाणवणार नाही. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांची (म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांची) मुलं बहुतेक इंटरनॅशनल शाळेतच जातात कारण सरकारी शाळेत माध्यम मलय. फी मात्र डोळे पांढरे करणारी, तेव्हा दोघांचीही फी ऑफर लेटरमधे लिहून घ्या, "नंतर बघू" वर अजिबात येऊ नका.

डावललं जातं ते इथल्याच नागरिक असलेल्या इंडियन आणि चिनी मुलांना. इथे भूमिपुत्र हा सरकारी शब्द आहे, आपलाच शब्द, त्यात मलय आणि सबाह-सरावाक या राज्यांतले मूळ लोक येतात. 1969 च्या मलय-चिनी दंगलीनंतर 1971 मधे नवीन आर्थिक धोरण आलं आणि शिक्षणातले कोटे वाढले. तेव्हा मलय लोक खरंच मागे होते, बहुतेक गावाकडे भातशेती नाहीतर मासेमारी, हे मान्य करायलाच हवं. पण आपल्या आरक्षणाशी तुलना करू नका, इथे सवलत आहे ती देशातल्या जवळजवळ 70 टक्के लोकांना, सत्ताही त्यांच्याच हातात, आणि ज्यांच्या आजोबांनी रबराच्या मळ्यात हाडं झिजवली ती तमिळ मुलं मात्र सवलतीच्या बाहेर. मला हे पटत नाही, गरीब तो गरीब, मग तो कुठल्या वंशाचा का असेना.

आमच्या शेजारच्या तमिळ मुलीचं सांगते. अकरावीच्या एसपीएमला, म्हणजे इथल्या शालान्त परीक्षेला, 8 विषयांत ए ग्रेड, वडील लॉरी चालवतात. सरकारी युनिव्हर्सिटीत जायला मुख्य दोन रस्ते, एक वर्षाचं मॅट्रिक्युलेशन (आपलं मॅट्रिक नव्हे, युनिव्हर्सिटीआधीचा सरकारी कोर्स) नाहीतर दीड वर्षाची एसटीपीएम, आपल्या बारावीसारखी परीक्षा, जी फार अवघड समजतात. मॅट्रिक्युलेशनच्या 90 टक्के जागा भूमिपुत्रांना आणि उरलेल्या 10 मधे बाकी सगळे, तिचा नंबर लागला नाही. तिच्याच वर्गातल्या, तिच्यापेक्षा कमी मार्क असलेल्या भूमिपुत्र मैत्रिणीला जागा मिळाली. दोघी एकत्र अभ्यास करायच्या हो, मैत्रिणीचा काय दोष, पण त्या दिवशी ही आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली ते मी विसरणार नाही. पुढे एसटीपीएम करून गेली ती युनिव्हर्सिटीत. 2024 मधे सरकारने जाहीर केलं की 10 किंवा जास्त ए असतील तर वंश न बघता मॅट्रिक्युलेशनला जागा, चांगलंच झालं, पण 8 ए वाल्यांचं काय? आणि त्याच वर्षी यूआयटीएम या भूमिपुत्रांसाठीच्या युनिव्हर्सिटीत हृदयाच्या सर्जरीचा एक कोर्स इतरांना खुला करायची नुसती चर्चा निघाली तर विद्यार्थी काळे कपडे घालून निषेधाला उतरले.

म्हणून ज्यांना परवडतं ते खासगी कॉलेजात जातात, मोनाश, नॉटिंगहॅमचे कॅम्पस आहेतच, आणि बरेच जण देशच सोडतात. पुढेमागे पीआर (कायम राहण्याचा परवाना) घेऊन इथेच राहायचा विचार असेल तर हे डोक्यात ठेवा, पीआर मिळाला म्हणून कुणी भूमिपुत्र होत नाही, मुलांच्या कॉलेजचे पैसे आत्तापासून बाजूला टाका.

आणि मुलीचं आधी ठरवा, आयजीसीएसई हा इंटरनॅशनल शाळेतला दहावीसारखा कोर्स दोन वर्षांचा असतो, मधेच घुसवलं तर तिचे हाल होतील. सीबीएसईची शाळापण आहे इथे. ऑफर लेटर हातात आलं की कळवा, घर कुठल्या भागात बघायचं ते शाळेवरून ठरवू.