जुन्या घराचा माग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

ठाण्याच्या जुन्या वस्तीतली घरे पुनर्विकासाला जाऊ लागली की वाचकांची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी पाच प्रश्न घेतले आहेत. घराच्या मालकीचा वाद न्यायालयात असेल तर ते काम वकिलाचे. येथे फक्त इतिहास शोधण्यापुरते लिहिले आहे.

प्रश्न : चरईत आमचे दुमजली घर आहे. ते शंभर वर्षांहून जुने आहे असे घरातले सांगतात. प्रॉपर्टी कार्ड काढले तर मूळ धारक म्हणून भलत्याच माणसाचे नाव आणि त्यापुढे सन. घर त्याच साली बांधले असे समजायचे का?

उत्तर : नाही. बहुतेकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. मिळकत पत्रिका, म्हणजे आपले प्रॉपर्टी कार्ड, जमिनीच्या तुकड्याची असते. घराची नसते. नगर भूमापनाची चौकशी झाली तेव्हा ज्याने ताबा आणि कागद दाखवले, तो 'मूळ धारक'. त्याने घर बांधले असेल, विकत घेतले असेल किंवा वारसाने मिळवले असेल. कार्डाला त्याचे देणेघेणे नाही. तेव्हा त्या सालाचा अर्थ एवढाच की त्या साली हा भूखंड त्या नावावर नोंदला गेला.

शोध पुढे असा न्यावा. ऑनलाइन मिळणाऱ्या पत्रिकेवर थांबू नका. ठाण्याच्या नगर भूमापन कार्यालयात अर्ज करून जुन्या हस्तलिखित पत्रिकेची आणि त्या क्रमांकाच्या चौकशी नोंदवहीतील उताऱ्याची नक्कल मागा. ठाण्यात सिटी सर्व्हे नंबराच्या आधी टिका (भूमापनासाठी पाडलेला शहराचा भाग) क्रमांक लागतो. अर्जात तो लिहिला नाही तर दुसऱ्याच टिक्यातला तोच नंबर हातात पडतो. चौकशी नोंदवहीत मिळकत कशी आली, कोणते कागद पाहिले आणि जागेवर काय उभे होते याचा मजकूर सापडू शकतो. 'घर', 'पडीक', 'वाडा व मोकळी जागा' असे दोन शब्द असले तरी ते सोन्याचे. त्या दिवशी जागेवर इमारत होती की नव्हती, हे त्यातून ठरते.

पत्रिकेच्या खालच्या तक्त्यात व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक आणि साक्षांकन असे रकाने असतात. एकेक ओळ वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकीपुढे 'खरेदी', 'वारस', 'वाटणी', 'बोजा' असा प्रकार लिहा. जिथे खरेदी आहे तिथून दुय्यम निबंधक कार्यालयाकडे वळायचे. खरेदीखते नोंदणीच्या पहिल्या पुस्तकात असतात. त्यांची सूची 1 माणसांच्या नावांवर लावलेली असते, सूची 2 मिळकतीवर. नोंदणी कायद्याच्या कलम 57 प्रमाणे पहिले पुस्तक आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते, मालक असण्याची अट नाही. नोंदणी विभागाचा ऑनलाइन शोध ठाण्यासाठी साधारण 2002 पासूनचाच उपयोगी पडतो. त्याआधीचे सगळे सूचीच्या जाडजूड पुस्तकांत, साल सांगून. साल माहीत नसेल तर पत्रिकेवरील फेरफाराच्या तारखेपासून मागे दोन-तीन वर्षे चाळा, कारण खरेदी झाल्यावर लोक नावे लावायला वेळ घेत.

वकिलाचा सर्च रिपोर्ट असला तर तो पुरेसा आहे असे समजू नका. तो प्रथेप्रमाणे 30 वर्षांचा असतो आणि मालकी निर्वेध आहे का एवढेच पाहतो.

खरेदीखत हाती आले की आधी चतुःसीमा वाचा. 'पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमुक यांची वाडी' हा मजकूर जुन्या वस्तीत घर क्रमांकापेक्षा भरवशाचा. नगरपालिकेने घर क्रमांक वेळोवेळी बदलले, गल्ल्यांची नावे बदलली, शेजारी मात्र सहसा लगेच बदलत नसत. आपल्या खताची साखळी तुटली तर शेजाऱ्याच्या खतात आपले घर 'पश्चिमेस' म्हणून आलेले असते. त्याच्या खताची तारीख आणि तुमच्या घरमालकाचे नाव जुळले की मधला दुवा मिळाला. क्षेत्रफळ जुळवताना घोटाळा नको : जुन्या खतांत चौरस वार असतात, नव्या पत्रिकेत चौरस मीटर. एक चौरस वार म्हणजे 0.836 चौरस मीटर. 250 वारांचा तुकडा 209 मीटर भरला पाहिजे. फार फरक पडला तर मध्ये कुठेतरी तुकडा विकला आहे किंवा रस्ता रुंदीकरणात गेला आहे.

आणखी एक चकवा. काही घरे 'विकली' आणि चार-पाच वर्षांत त्याच कुटुंबाकडे 'परत आली' असे दिसते. यातले बरेच व्यवहार मुदत खरेदीचे, म्हणजे कर्जाचे. पैसे फेडले की घर मोकळे. यात घर हललेले नाही आणि माणसेही तिथेच राहात होती. अशी नोंद मालकांच्या यादीत टाकली तर इतिहासात एक सावकार विनाकारण घरमालक होऊन बसतो.

घराच्या वयाचा सगळ्यात जवळचा कागद म्हणजे घरपट्टीचा. ठाण्यात नगरपालिका 1863 पासून आहे आणि 1 ऑक्टोबर 1982 रोजी महानगरपालिका झाली. तुमच्या प्रभाग समितीच्या मालमत्ता कर विभागात जुन्या कर आकारणी नोंदवह्यांची विचारणा करा. 'घर जुने आहे' असे सांगून काही मिळत नाही. टिका, सिटी सर्व्हे नंबर, सध्याचा कर क्रमांक आणि माहीत असलेल्या दोन-तीन जुन्या मालकांची नावे एका कागदावर लिहून न्या. अर्जाला उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपये शुल्कात करता येतो आणि प्रतीचे पानाला 2 रुपये पडतात. मात्र मागणी नेमकी हवी. 'या मालमत्तेच्या अमुक ते अमुक सालच्या आकारणी नोंदवहीतील पृष्ठे' असे लिहा. 'इतिहास द्या' असे लिहिले तर 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेले.

नोंदवही मिळाली तर करपात्र मूल्याच्या रकान्यावरून नजर फिरवा. वर्षानुवर्षे एकच आकडा आणि मग एकदम दुप्पट, म्हणजे मजला चढला, घर नव्याने बांधले किंवा भाडेकरू ठेवले. पण संपूर्ण गावाची फेरआकारणी झाली की सगळ्यांचेच आकडे चढतात. म्हणून त्याच पानावरची वर-खालची चार घरे तपासा. तीही चढली असतील तर तुमच्या घराबाबत त्यातून काही सिद्ध होत नाही. एकटे तुमचेच चढले असेल तर बांधकामाचे साल त्याच्या मागेपुढे शोधा.

नौपाडा, पाचपाखाडीकडच्या वाचकांसाठी जाता जाता : तिकडचा बराच भाग पूर्वी शेतजमिनीचा, म्हणून पत्रिकेच्या मागे सातबारा आणि फेरफार आहेत. जुने सातबारा आणि फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर ठाणे जिल्ह्यासाठी स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे बिनशेती आदेशाची तारीख हाती लागली की बंगल्याचे वय साधारण त्यानंतरचे धरावे.

प्रश्न : घर दुरुस्तीत छपरावरची मंगलोरी कौले उतरवली. कौलाच्या पाठीवर 'बासेल मिशन' आणि 1865 असे उठवलेले आहे. म्हणजे घर निदान 1865 चे?

उत्तर : कौलावरचे 1865 हे कारखान्याचे स्थापना वर्ष आहे. मंगळूरला बासेल मिशनने त्या साली कौलांचा कारखाना काढला आणि तो आकडा पुढे कित्येक वर्षे छापात राहिला. साबणाच्या वडीवर कंपनीचे साल असते, तसेच हे. यावरून इतकेच कळते की कौल 1865 नंतरचे आहे. कौलावर 'कॉमनवेल्थ' असे असेल तर ते पहिल्या महायुद्धानंतरचे, कारण युद्धानंतर मिशनचे कारखाने त्या कंपनीकडे गेले.

आणि कौल सांगते ते छपराचे वय, भिंतींचे नाही. आधीची नळीची कौले काढून मंगलोरी चढवण्याची लाट गावोगाव आली होती. छपरावर तीन-चार कारखान्यांची कौले मिसळलेली दिसली तर बदलून बदलून भरलेले छप्पर आहे. प्रत्येक प्रकारची दोन-दोन कौले जपून ठेवा, कोणत्या पाख्यावरची ते खडूने लिहा आणि उरलेली कामावर द्या.

भिंतींसाठी मागचा जिना, माळ्यावरची बाजू, पडवीचा कोपरा पाहा. दर्शनी गिलावा नव्याने केलेला असतो, तिथे पाहून उपयोग नाही. सांध्यातला पांढुरका, नखाने किंवा किल्लीने खरवडता येणारा माल चुन्याचा. करडा आणि टणक तो सिमेंटचा. भारतात पोर्टलंड सिमेंटचे कारखाने 1914 च्या सुमारास सुरू झाले, त्यामुळे मूळ भिंतीतच सिमेंट असेल तर घर फार जुने नाही. फक्त ते सिमेंट नंतर भरलेले नाही ना, याची खात्री करा. तुळयांवर हाताने कापल्याच्या तिरक्या, असमान खुणा असतात. गोल करवतीच्या खुणा कमानीसारख्या वळतात. लोखंडी गर्डर असला तर त्याच्या पोटावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. रंगाचे थर तारेच्या ब्रशने काढा, अक्षरे दिसतील. कोनात टॉर्च धरली तर फोटोही चांगला येतो. तिथे टाटांचे नाव असेल तर गर्डर 1912 नंतरचा, कारण त्यांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद तेव्हापासून निघू लागले.

प्रश्न : मुंबईतल्या नातेवाइकांच्या चाळीचे वय म्हाडाच्या उपकर यादीत लगेच सापडले. ठाण्यात अशी यादी कुठे मिळेल?

उत्तर : ती यादी मुंबई शहराच्या उपकरप्राप्त इमारतींची. तिच्यात 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती 'अ' वर्गात येतात. तो उपकर ठाण्याला लागू नाही, म्हणून तो सोपा रस्ताही नाही. वर सांगितलेली आकारणी नोंदवही हाच त्याला पर्याय.

प्रश्न : घरात मोडीतले दोन कागद सापडले. एकावर 'शके 1812 माघ' इतके वाचता येते, दुसऱ्यावर अरबी वाटणारे शब्द आहेत. इंग्रजी साल कसे काढायचे? कागद कोणाला दाखवावेत?

उत्तर : शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण शक चैत्रात सुरू होतो. जानेवारी ते फाल्गुनअखेर 79 मिळवायचे. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून तुमचा कागद 1891 चा. एवढ्या एका वर्षाच्या चुकीने नोंदणीच्या पुस्तकात शोध हुकतो. गुजराती व्यापाऱ्यांच्या कागदांत संवत असतो. तो कार्तिकात बदलतो, म्हणून कार्तिक ते डिसेंबर 57 वजा करा, पुढे 56.

अरबी शब्द म्हणजे बहुधा सुहूर सन. पेशवाईतले कागद असे लिहीत. वर्ष मृगात सुरू होते. जून ते डिसेंबर 599 मिळवा, नंतर 600. पडताळ्यासाठी : 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे 1161, आणि पानिपत झाले जानेवारी 1761 मध्ये. हिशेब बरोबर बसतो.

कागद 1891 चा असेल तर मुद्रांकाची मागची बाजू पाहा. तिथे विक्रेत्याने मुद्रांक कोणाला, कोणत्या तारखेला विकला हे लिहिलेले असते. मजकुराच्या शेवटी नोंदणीचा शेरा असला तर त्यातला पुस्तक क्रमांक, अनुक्रमांक आणि साल टिपून ठेवा. मूळ कागद पुढे फाटला तरी त्यावरून कार्यालयातली नक्कल काढता येते. मोडी वाचणाऱ्याकडून देवनागरीत ओळीस ओळ लिप्यंतर करून घ्या. 'सारांश' घेऊ नका, कारण नेमकी चतुःसीमाच सारांशातून गळते. कागद घडीवर तुटत असेल तर चिकटपट्टी मुळीच लावू नका, डिंक कागदात उतरून अक्षरे पिवळी पडतात. सपाट फोल्डरमध्ये ठेवा आणि आधी फोटो काढा.

त्याहून जुने, म्हणजे पेशवेकाळचे काही शोधायचे तर पुण्याच्या पेशवे दप्तरात. इंग्रजी अमलातील महसुली पत्रव्यवहार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात. दोन्हीकडे ओळखपत्र आणि अभ्यासाचा हेतू सांगणारे पत्र घेऊन जा. खासगी घराचे नाव तिथे क्वचित सापडते. रस्ता, तलाव, इनाम, भूसंपादन यांच्या फायलींत ते अडकलेले असू शकते.

याच पत्रलेखकांनी घर 'पोर्तुगीजकालीन' असल्याचेही लिहिले आहे. ठाण्यातली पोर्तुगीज सत्ता 1737 ला मराठ्यांनी संपवली. कमानी आणि रुंद व्हरांडे त्यानंतरही दीडशे-दोनशे वर्षे बांधले जात होते. घराची पद्धत पोर्तुगीज वळणाची म्हणा; काळ पोर्तुगीज म्हणायला कागद हवा.

प्रश्न : घणसोली गावठाणातल्या आमच्या कौलारू घराला ना सातबारा, ना प्रॉपर्टी कार्ड. काही शोधता येईल का?

उत्तर : येईल, पण वेगळ्या वाटेने. गावठाणातील घरांना सातबारा नसतोच, आणि नवी मुंबईच्या बऱ्याच गावठाणांत नगर भूमापनाच्या पत्रिका झालेल्या नव्हत्या. नवी मुंबई महानगरपालिका 1 जानेवारी 1992 रोजी आली. त्याआधी घरांची आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये होत असे. तो उतारा घरात नसेल तर जुनी दप्तरे महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे आली आहेत का, हे विचारा. नमुना 8 मध्ये घराचे वर्णन, लांबी-रुंदी आणि मालकाचे नाव असते, मालकी हक्काचा पुरावा म्हणून मात्र तो कमकुवत.

शेतीचा भाग सिडकोच्या भूसंपादनात गेला असेल तर संपादनाचा निवाडा मागवा. त्यात सर्व्हे नंबर, खातेदारांची नावे आणि जागेवरची झाडे, विहिरी, बांधकामे यांचे मूल्यांकन येते. सिडको मार्च 1970 मध्ये स्थापन झाली, म्हणजे हे निवाडे त्यानंतरचे. घराशेजारी विहीर निवाड्यात नोंदली गेली असेल तर वस्ती निवाड्याआधीची आहे असा तर्क करता येतो. जोडीला मराठी शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील पत्ता आणि ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती. गूगल अर्थवरची जुनी चित्रे 2000 च्या सुमारापासून पुढचीच मिळतात, तेव्हा तिथे फार वेळ घालवू नका. गावातल्या वयस्करांकडून नावे घ्या, पण सांगितलेले साल लिहिताना कंसात 'ऐकीव' असे लिहा आणि कागद मिळाला की तो शब्द खोडा.