जानेवारीत लिहिलेला, जुलैत छापलेला

प्रश्न : सर, शीतयुद्धाच्या धड्यात ‘एक्स’ नावाने छापलेल्या लेखाचा उल्लेख आहे. ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये लेखकाने नाव का लपवलं? आणि तीन महिन्यांनी निघणाऱ्या अंकातलं राजकारण शिळं नाही का होत?
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेत, म्हणून एकत्रच सांगतो.

हे त्रैमासिक न्यूयॉर्कच्या कौन्सिल ऑन फॉरिन रिलेशन्स या संस्थेने सप्टेंबर १९२२मध्ये काढलं. पहिले संपादक हार्वर्डचे प्राध्यापक आर्चिबाल्ड कूलिज. त्यांच्यानंतर हॅमिल्टन फिश आर्मस्ट्राँग थेट १९७२पर्यंत. आता अंक दर दोन महिन्यांनी निघतो.

‘एक्स’ म्हणजे जॉर्ज केनन, मॉस्कोच्या वकिलातीत काम केलेले अमेरिकी मुत्सद्दी. जानेवारी १९४७मध्ये त्यांनी नौदलमंत्री फॉरेस्टल यांच्यासाठी सोव्हिएत वागणुकीवर एक टिपण लिहिलं. त्याच महिन्यात कौन्सिलमध्ये ते बोलले, आणि आर्मस्ट्राँगनी लेख मागितला. केननकडे टिपण तयार होतं, पण ते सरकारी नोकरीत होते. म्हणून नाव नको, ही अट.

आता तारखा बघ. मे महिन्यात केनन परराष्ट्र खात्याच्या नव्या धोरण-आखणी विभागाचे प्रमुख झाले. लेख आला जुलैत. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या आर्थर क्रॉकनी लेखक ओळखला, आणि एका माणसाचं हिवाळ्यातलं मत उन्हाळ्यात सरकारचं धोरण म्हणून वाचलं गेलं! म्हणजे मधल्या महिन्यांत लेख शिळा झाला नाही, त्याचं वजन बदललं. पत्रकार वॉल्टर लिपमननी वर्तमानपत्रात लेखमाला लिहून त्यावर कडाडून टीका केली. लेखात मांडलेलं ‘कंटेनमेंट’ म्हणजे रशियाला आवर घालणं आपल्याला राजकीय अर्थाने अभिप्रेत होतं, फौजफाट्याने नव्हे, हे केनन पुढे आयुष्यभर सांगत राहिले. नाटो या लष्करी युतीलाही त्यांचा विरोध होता.

मी इथल्या विद्यापीठात एम.ए. करताना हा लेख ग्रंथालयातल्या बांधीव खंडात वाचला. तारखांकडे लक्षच दिलं नाही आणि परीक्षेत ‘सरकारने लिहून घेतलेला लेख’ असं ठोकून दिलं. एका माणसाच्या विचाराची आपण अशी वासलात लावली, हे मला अजून सलतं. तू लेख वाचायला बसशील तेव्हा वहीत आधी तीन महिने लिहून घे : जानेवारी, मे, जुलै. मग पहिलं वाक्य.