आठवड्याचे चारशे रुपये

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "मावशी, कशावर उधळले असं काही आठवत नाही, पण अठरा तारखेलाच खात्यात नव्वद रुपये उरलेत." तुझा आवाज रडवेला झाला होता, म्हणून तेव्हा फार बोलले नाही. आज सविस्तर लिहिते. पतसंस्थेच्या काउंटरवर इतकी वर्षं बसून मला एवढं नक्की कळलंय की महिन्याचा हिशेब फार थोड्यांना जमतो, आठवड्याचा मात्र कुणालाही जमतो.

तुझेच आकडे घेऊ. खोलीचं भाडं बाबा परस्पर देतात. तुझ्या हातात साडेसहा हजार येतात, त्यातले तीन हजार मेसचे. उरले साडेतीन. त्यातून पैसे येतील त्याच दिवशी रिचार्जचे तीनशे, गावी येण्या-जाण्याचे चारशे, झेरॉक्स-जर्नल आणि परीक्षेच्या फॉर्मसाठी पाचशे, आजारपणासाठी तीनशे बाजूला काढ. परीक्षा फी सहा महिन्यांतून एकदा येते आणि म्हणूनच दर वेळी अचानक आल्यासारखी वाटते. रिचार्जचंही तसंच. तो २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा करावा लागतो. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गावचा खर्च चारशेत बसावा.

आता उरले दोन हजार. त्याचे चार नको, पाच भाग कर. महिना चार आठवड्यांचा धरतात आणि वरचे दोन-तीन दिवस कुणी मोजत नाही. पोरं नेमकी त्याच दिवसांत उपाशी राहतात. एका आठवड्याला चारशे. पाचवा भाग अर्धामुर्धा उरतो, तो पुढच्या महिन्यात ढकल.

हे चारशे वेगळे ठेवायचे कसे? एक दुसरं झिरो बॅलन्सचं खातं उघड आणि फोनवरचं पेमेंट फक्त त्या खात्याला जोड. बाबांचे पैसे पहिल्या खात्यातच येऊ देत. दर सोमवारी तिकडून इकडे चारशे घे. स्कॅन करून वीस रुपये गेले तर मनाला काही लागत नाही, पण शिल्लक साठ दिसली की हात आपोआप थांबतो. एक सांभाळ: शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात, म्हणून नव्या खात्याला आधार जोडताना ती जोडणी हलवू नकोस. आणि ते पैसे हातात पडेपर्यंत कुठल्याच हिशेबात धरू नकोस.

तुझा खरा पैसा गळतो तो मेसमध्ये. महिन्यातून दोनदा गावी जातेस, दर वेळी दोन-अडीच दिवस ताट तसंच राहतं आणि पैसे मात्र पूर्ण देतेस. खाडे धरतात का, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात का, किती दिवस सलग लागतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं का, हे मेसवाल्या काकूंना स्पष्ट विचार. विचारण्यात कमीपणा नाही, त्यांना रोज हेच विचारलं जातं. दुसरी गळती रविवारची. संध्याकाळी मेस बंद, मग सगळ्याजणी राजवाड्याच्या चौपाटीवर. मजा आहे, जरूर जा. पण एका रविवारी शंभर रुपये म्हणजे आठवड्याचा चौथा हिस्सा, हे सोमवारीच ठाऊक हवं. एखाद्या रविवारी दुपारच्या दोन पोळ्या मागून ठेवा आणि अजिंक्यताऱ्यावर चढा. वर बसून खायला पैसे पडत नाहीत.

वाढदिवसाची काँट्री निघते तेव्हा गप्प राहून पाचशे देऊ नकोस. "माझ्याकडून शंभर" एवढंच म्हण. पहिल्यांदा जड जातं. मी साताऱ्यात शिकत होते तेव्हा घरून मनीऑर्डर यायची. एका महिन्यात मैत्रिणीच्या हौसेत सगळी संपली आणि लाजेपायी मी घरी कळवलंच नाही. बारा दिवस रात्री वडापाव खाल्ला, परीक्षेत चक्कर आली. आईला ते सहा वर्षांनी सांगितलं, तेव्हा ती खूप रडली. म्हणून कधी कमी पडले तर आधी आईला फोन कर. फोनवर मिनिटात कर्ज देणाऱ्या अॅपच्या वाट्याला अजिबात जाऊ नकोस. तीन हजार मागितले की फी कापून कमी हातात येतात आणि पंधरा दिवसांत पूर्ण तीन हजार फेडायला लागतात. असल्या कर्जात बुडालेली मुलं मी काउंटरपलीकडे पाहिली आहेत.

आणि कॉलेजात 'कमवा आणि शिका'ची चौकशी कर. ग्रंथालयात, प्रयोगशाळेत तासांवर काम मिळतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या वसतिगृहातली पोरं जेवावीत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांच्या साताऱ्यात तू शिकतेस. इथे काम करून शिकणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही.

येत्या सोमवारपासून सुरुवात कर. मोठी वही नको, मेसच्या कार्डामागे रोजचा आकडा लिही. रविवारी मी पोवई नाक्यावर येणार आहे, ते कार्ड घेऊन ये. आणि खाड्याचं विचारलंस का, ते उद्याच कळव.

तुझी,
मावशी