गाजर सोडून काही खातच नाही

प्रश्न : आमचा ससा एक वर्षाचा आहे, गाजर आणि पेलेट्स (सशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) दिसले की तुटून पडतो पण सुक्या गवताकडे ढुंकूनही बघत नाही, काय करू?

उत्तर : अहो, गाजरात साखर असते, तो त्याचा खाऊ झाला, जेवण नाही! सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि झिजतात ते गवत चावूनच, पोटही त्या फायबरवरच चालतं, म्हणून साधारण 80 टक्के खाणं सुकं गवतच हवं. पेलेट्स हळूहळू कमी करा, एकदम बंद नको. गवत त्याच्या शी-शूच्या ट्रेपाशी ठेवून बघा, ससे तिथेच बसून चघळतात. लेंड्या रोज बघायच्या, गोल, मोठ्या, कोरड्या असल्या की ठीक, पण बारीक झाल्या किंवा 10-12 तास काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.