गार्डियन एंजल : राखणदार, फरिश्ता की देवदूत?

जालन्याच्या एका ताईंनी विचारलंय की मैत्रिणीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं कार्ड मराठीत करायचंय, त्यात ‘गार्डियन एंजल’ आलंय, तर तिथं राखणदार टाकू, देवदूत टाकू का फरिश्ता, घरात तिघांची तीन मतं झालीत.

ताई, राखणदार नका टाकू. शब्द चांगला आहे, रात्री जागलीला जाऊन ज्वारी राखणारा गडी आपल्याला माहितीच आहे, पण देवाधर्माच्या बोलण्यात राखणदार आला की कोकणातल्या माणसाला गावाचा राखणदार आठवतो अन् आपल्याला बांधावरचा म्हसोबा, म्हणजे ज्याचा स्वतःचा मानपान असतो, ज्याला नारळ लागतो अन् नाही दिला तर जो कोपतो बी. बायबलातल्या दूताला हे अजिबात चालत नाही. प्रकटीकरण या बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात योहान दूताच्या पाया पडायला जातो तर दूतच त्याला अडवतो, मी बी तुझ्यासारखाच दास आहे, नमन देवाला कर म्हणतो.

राखण तो करतो, पण हुकमानं. हिब्रू मलाख काय अन् ग्रीक अंगेलोस काय, दोन्हींचा अर्थ निरोप घेऊन पाठवलेला माणूस. बायबलातल्या स्तोत्र 91 मध्ये बी देव आपल्या दूतांना आज्ञा देतो की याला वाटेत सांभाळा, ठेच लागू देऊ नका. (गंमत म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला हीच ओळ ऐकवतो, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणून, तर येशू म्हणतो देवाची परीक्षा पाहू नको. म्हणजे दूत आहे म्हणून हेल्मेट नको, असं काही नाही.) स्तोत्र 34 मध्ये तर दूत देवाला भिणाऱ्यांच्या भोवती छावणी देतो, आता छावणी म्हणलं की आपल्याकडं आधी चारा छावणीच डोळ्यासमोर येणार, पण तिथं ती लष्कराची आहे.

सगळ्यात भारी प्रसंग बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, अध्याय 12. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात दोन शिपायांच्या मधे साखळ्यांनी बांधलेला अन् तसाच झोपलेला, दूत येतो, कुशीवर मारून उठवतो, साखळ्या गळून पडतात, मग दूत सांगतो कंबर बांध, जोडे घाल, झगा पांघर, आपल्या आईनं शाळेला काढल्यासारखं. लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो, एक रस्ता चालून झाला की दूत गायब, पुढं पेत्रानं आपलं आपण जायचं. तो मार्काची आई मरिया हिच्या घरी जाऊन दार वाजवतो तर आतल्यांचा विश्वासच बसत नाही, म्हणतात त्याचा दूत असेल. ‘त्याचा’ दूत! ज्याचा-त्याचा एक दूत असतो ही समजूत तेव्हाबी होती ती अशी.

कॅथलिक लोक हे ठामपणे मानतात, 2 ऑक्टोबरला रक्षक दूतांचा सणच असतो त्यांच्यात, अन् त्या दूताला प्रार्थना बी करतात. प्रोटेस्टंट दूत मानतात पण त्याला प्रार्थना करत नाहीत. जालना म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींच्या प्रोटेस्टंट मिशनचं गाव, जवळची बेथेल ही ख्रिस्ती वस्ती त्यांनीच वसवली, म्हणून आधी मैत्रिणीचं चर्च कोणतं ते विचारून घ्या.

फरिश्ता फारसी आहे, त्याच्या बी मुळात ‘पाठवलेला’च आहे, आपल्या प्रेषितचा लांबचा भाऊ. पण मराठी ख्रिस्ती लोकांनी प्रेषित हा शब्द येशूचा संदेश पसरवणाऱ्या पेत्र, पौल यांच्यासाठी राखून ठेवला अन् एंजलसाठी दूत, देवदूत, वरच्या दर्जाच्याला आद्यदेवदूत. कार्डावर फरिश्ता वाचून लोकांना एकतर मोहल्ला आठवेल नाहीतर हिंदी पिक्चर.

तर कॅथलिक असतील तर ‘रक्षक दूत’ बिनधास्त टाका. प्रोटेस्टंट असतील तर नुसतं ‘देवाने आपल्या दूतांना तुला सांभाळायला सांगितले आहे’ असं लिहा, बाळाच्या कार्डावर ते गोड बी दिसतं. फक्त प्रूफ नीट बघा, प्रेसवाले देवदूतमधला दू हमखास ऱ्हस्व छापतात.