फ्लॅट की १४ लाख? आधी त्यातलं तुमचं किती ते मोजा

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३९, पतसंस्थेत नोकरी, पगार हातात २७ हजार, मुलगी आठवीत. दीड वर्षापासून वेगळ्या राहतात, भाडं ६,५००. आता परस्पर संमतीने घटस्फोटाचं ठरतंय. जळगावचा फ्लॅट दोघांच्या नावे आहे, किंमत ३४ लाखांच्या आसपास, गृहकर्ज १६ लाख बाकी, अजून १२ वर्षं. पती म्हणतात, कर्जासकट फ्लॅट घे, नाहीतर हक्क सोड आणि १४ लाख घे. मुलीचा खर्च त्यातच धरायचा, पोटगी मागायची नाही, सोन्याचा विषय काढायचा नाही. ताईंचे भाऊ म्हणतात, काही झालं तरी घर सोडू नको.

ताई, भाऊ मायेनं बोलतात, पण हप्ता तुम्हाला भरायचाय. साडेआठ टक्के व्याज धरलं तर १६ लाखांचा हप्ता महिना १७,७६० च्या आसपास बसतो. उरले सव्वानऊ हजार. त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, किराणा, मुलीचा क्लास. आगीतून उठून फुफाट्यात पडण्याचाच हा प्रकार. शिवाय या पगारावर एवढं कर्ज एकट्या तुमच्या नावे करून द्यायला बँक सहसा तयार होणार नाही.

मग १४ लाख घ्यावेत? इथे जरा थांबा. ३४ मधून १६ गेले, राहिले १८ लाख. फ्लॅटच्या करारात हिस्से वेगळे लिहिले नसतील तर त्यातले ९ लाख आजही तुमचेच आहेत. म्हणजे १४ लाखांत तुमचेच ९ तुम्हाला परत मिळतायत, आणि खरी पोटगी फक्त ५ लाख. त्यात तुमचं उरलेलं आयुष्य, आठवीतल्या मुलीचं शिक्षण आणि वर सोन्यावर पाणी. फ्लॅट घेतलात तरी ते आपला ९ लाखांचा हिस्साच सोडतायत. ‘एवढं देतोय’ म्हणताना हा हिशेब कोणी मांडत नाही. बैठकीतल्या मोठ्यांपुढे तो कागदावर लिहून ठेवा.

१४ लाखांच्या पर्यायात आणखी एक खोच आहे. तुम्ही हक्कसोडपत्र केलं तरी कर्जावरचं तुमचं नाव आपोआप निघत नाही. बँकेशी करार दोघांचा आहे, कोर्टाच्या हुकुमाने तो बदलत नाही. उद्या त्यांनी हप्ते थकवले तर फ्लॅट त्यांचा आणि तगादा तुम्हाला, सिबिल (कर्जफेडीची पत) खराब तुमचं. म्हणून कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय हक्कसोडपत्रावर सही नको.

मी तुमच्या जागी असतो तर वेगळंच मागितलं असतं. ते १४ लाख द्यायला तयार आहेत, म्हणजे पैसा उभा राहतोय. त्यातले १० लाख थेट कर्जखात्यात भरावेत आणि फ्लॅट तुमच्या नावे करावा. उरलेल्या ६ लाखांचा हप्ता ६,६६० च्या आसपास बसतो, आज भाडं देताय तेवढाच. एवढं कर्ज तुमच्या पगारावर बँक देऊही शकेल. ते कुरकुरतील, कारण त्यांना हे जास्त पडतं. तेव्हा त्यांच्या रावेरच्या केळीच्या शेताची आठवण करून द्या. तुम्ही लिहिलंय की शेत वडिलोपार्जित आहे. त्यात पत्नी म्हणून तुम्हाला हिस्सा मागता येणार नाही, पण पोटगी ठरवताना शेतीचं उत्पन्न मोजलं जातं. केळी कापणीचा पैसा पगाराच्या स्लिपवर दिसत नाही, तो बँकखात्यात आणि व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्यांत दिसतो. प्रकरण लढायची वेळ आली तर दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात तसं घालून दिलंय. हे त्यांच्या वकिलाला माहीत असतंच. तरीही जमलं नाही तर फ्लॅट विका, ९ लाख घ्या आणि पोटगीचं वेगळं बोला.

मुलीचा खर्च तुमच्या रकमेत मिसळू देऊ नका. तिचा हक्क तिचा आहे, तो तुम्ही सोडून देऊ शकत नाही. दरमहा किती, दरवर्षी वाढ किती, बारावीनंतरच्या फीचं काय, हे संमतीच्या अटींत लिहून घ्या.

सोनंही तसंच. माहेरचं असो की सासरचं, लग्नात तुम्हाला अंगावर घातलेलं ते स्त्रीधन, म्हणजे कायद्याने तुमचंच, सासूबाईंच्या कपाटात असलं तरी. पाटल्या, एकदाणी, पोत, एकेका डागाची वजनासकट यादी करा. लग्नातले फोटो शोधून ठेवा, आणि वडिलांनी जळगावच्या ज्या सराफाकडून घेतलं त्याच्याकडे जुनी बिलं मिळतात का विचारा.

एक धोक्याची गोष्ट. आपल्याकडे पाहुणे बसवून पाचशेच्या स्टॅम्पवर फारकत लिहून घेतात आणि विषय मिटला म्हणतात. हिंदू विवाह कायद्यात त्याने घटस्फोट होत नाही. अपवाद चालीरीतीचा, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. कोर्टात पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात ही मुदत माफही होते), आणि हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून पैसे डिमांड ड्राफ्टने, दुसऱ्या अर्जाच्या सुनावणीला कोर्टासमोर. एकरकमी पोटगीवर सहसा प्राप्तिकर लागत नाही, त्याची काळजी नको.

वकिलाच्या फीची धास्ती लिहिलीय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आरोग्य विम्याचं मात्र लगेच बघा. तुम्ही पतीच्या कंपनीच्या पॉलिसीत आहात, हुकूम झाला की बाहेर. तुम्हाला थायरॉईड आहे, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं आजपासून मोजायला लागू देत. आणि पगाराच्या खात्याला अजून पतीचाच मोबाईल नंबर जोडलेला आहे म्हणता, तर आधार-पॅन घेऊन सोमवारी शाखेत जा आणि आधी तो बदला. नॉमिनीही त्याच खेपेत.