वाचकांचे प्रश्न : दुपारचा वारा कुठून आला?

प्रश्न (पर्वरी) : मुलीच्या भूगोलात वायुराशी आणि आघाड्या आहेत. जानेवारीत आपल्याकडे पहाटे गारवा पडतो, ती शीत आघाडीच का?

उत्तर : नाही. शेकडो-हजारो किलोमीटर पसरलेली, तापमान आणि दमटपणा साधारण सारखा असलेली हवा म्हणजे वायुराशी. दोन वेगळ्या राशी भेटल्या की लगेच मिसळत नाहीत. थंड, जड हवा पाचरीसारखी खालून शिरते आणि उबदार हवा तिच्या अंगावरून वर चढते. त्या दोघींमधली सीमा म्हणजे आघाडी. पहिलं महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गनच्या हवामानशास्त्रज्ञांनी हा शब्द युद्धभूमीवरूनच उचलला. अशी सीमा टिकायला दोन्ही बाजूंच्या तापमानात मोठा फरक लागतो. १५ अक्षांशावरच्या गोव्यात तो सहसा नसतो.

हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, पंजाब-हिमाचलावरून सरकतात आणि त्यांच्यामागून कोरडी थंड हवा दक्षिणेकडे येते. पण गोव्यात उतरताना तिला सह्याद्री उतरावा लागतो, आणि खाली येणारी कोरडी हवा दर १०० मीटरला सुमारे १ अंशाने तापते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा चोर्ला घाटातून खाली येईपर्यंत ७ अंशांनी उबदार झालेली असते. आपला पहाटेचा गारवा मुख्यतः कोरड्या हवेचा आणि निरभ्र आभाळाचा : जमिनीची उष्णता रात्रभर बिनअडथळा निघून जाते.

प्रश्न (म्हापसा) : फेब्रुवारीत आभाळ सारखंच निरभ्र असतं, तरी एक दुपार सुसह्य आणि दुसरी होरपळवणारी. असं का?

उत्तर : खाऱ्या वाऱ्याला उशीर झाला म्हणून. सकाळी घाटाकडून मतलई वारा वाहतो. जमीन तापली की एरवी दुपारच्या आधीच वायव्येकडून खारा वारा आत येतो आणि पारा तिथेच अडतो. पूर्वेचा वारा जोरात असला, तर तो समुद्राच्या हवेला किनाऱ्यावरच थोपवून धरतो. दोन-तीन तास उशीर झाला की पारा ३५-३६च्या पुढे जातो.

या दोन हवांमधली रेघ ही आपली रोजची छोटी आघाडी. ती घरी पकडता येते, आणि मुलांना पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं.

५० अंशांपर्यंतचे दोन एकसारखे तापमापक घ्या. आधी दोन्ही दहा मिनिटं एकाच बादलीत बुडवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा. मग एकाच्या फुग्यावर खळ धुऊन काढलेल्या मलमलीचा एकच पदर गुंडाळा आणि त्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात सोडा. पाणी बॅटरीत घालायचं असतं ते, नळाचं नको. फुगा पाण्यापासून चार-पाच सेंटिमीटर वर असावा. दोन्ही तापमापक उत्तरेच्या व्हरांड्यात, छातीच्या उंचीवर टांगा. पत्र्याखाली किंवा उन्हाने तापलेल्या चिऱ्याच्या भिंतीजवळ टांगू नका. वाचण्याआधी तीन-चार मिनिटं पुठ्ठ्याने वारा घाला. ओल्याचा पारा उतरायचा थांबला की आकडा घ्या.

साडेदहापासून दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. समजा कोरडा ३२ आणि ओला २० दाखवतो : आर्द्रता जेमतेम ३२ टक्के, हवा घाटाकडची. मग कोरडा ३० वर उतरतो आणि ओला २५ वर चढतो : आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास, समुद्र आत आला. दोन पारे उलट दिशांना जाणं हीच खूण. नुसता ढग आडवा आला तर कोरडा उतरतो, पण ओला काही चढत नाही. माडाच्या झावळ्यांकडेही लक्ष ठेवा. पूर्वेचा वारा पडतो, क्षणभर सगळं स्तब्ध होतं आणि झावळ्या दुसऱ्या अंगाला वळतात.

चूक बहुतेक वेळा कापडाची असते. किनाऱ्यावर त्यावर मीठ साचतं, बाष्पीभवन मंदावतं, ओला तापमापक जास्त आकडा दाखवतो आणि कोरडी हवाही दमट वाटते. कापड दर आठवड्याला बदला.

प्रश्न (वाळपई) : मे महिन्यात संध्याकाळी घाटाकडून गडगडतं, पणजी मात्र कोरडी. आमसुलं वाळत घातलेली असतात, आधी कसं ओळखावं?

उत्तर : खारा वारा दुपारनंतर घाटाच्या पायथ्याशी पोचतो आणि तिथे तापलेल्या कोरड्या हवेशी त्याची गाठ पडते. शिवाय डोंगर त्याला वर ढकलतो. वर गेलेली हवा थंड होऊन ढग उभा राहतो. किनाऱ्यावर तीच हवा सपाट वाहते, म्हणून तिथे आभाळ रिकामं. पावसाचे थेंब पडता पडता सुकतात तेव्हा ढगाखालची हवा गार होऊन जमिनीवर पसरते. तीही एक लहानशी शीत आघाडीच.

चार वाजल्यानंतर पूर्वेला कोबीच्या गड्ड्यासारखा ढग वाढताना दिसला की सोलं गोळा करायला लागा. पूर्वेकडून मातीच्या वासाचा गार झोत अंगावर येईपर्यंत थांबलात तर फार वेळ उरत नाही. ढग गडगडत असेल तर उघड्यावर किंवा माडाखाली थांबू नका, आमसुलं राहू द्या.